साक्षीदार कोणी आणायचा? – टपाली मतदानाच्या नियमांची चिकित्सा

कविता, कथा, आत्मकथन यांची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली. नियमांची समीक्षा मात्र आपण वकिलांवर सोडून दिली. ज्या समाजाला शतकानुशतके नियमांनीच गावाबाहेर ठेवले, त्या समाजाच्या समीक्षकाने कायद्याचे कलम, सरकारी परिपत्रक आणि अर्जाचा छापील नमुना हेही वाङ्मय म्हणून वाचले पाहिजे. बाबासाहेबांनी मनुस्मृती अशीच वाचली. हा ग्रंथ कोणाला माणूस मानतो आणि कोणाला मानत नाही, हे त्यांनी त्याच्याच शब्दांतून दाखवले. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्याचे दहन झाले. तोच प्रश्न मी येथे एका रुक्ष वाटणाऱ्या मजकुराला विचारणार आहे. हा मजकूर म्हणजे अमेरिकेतील राज्यांचे टपाली मतदानाचे नियम.

हे नियम आपल्या कामाचे कसे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आपल्या चळवळीच्या एका नावाचे मूळच तिकडच्या मतपत्रिकेवर आहे. अलाबामा राज्यातील लाउंड्स कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) लोकसंख्येत काळ्यांचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. तरीही १९६५ च्या आरंभी तेथे एकाही काळ्या माणसाचे नाव मतदार यादीत नव्हते. पुढे तेथील काळ्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला आणि १९६६ च्या निवडणुकीसाठी काळा चित्ता ही निशाणी घेतली. निरक्षर मतदारांना पक्ष ओळखता यावा म्हणून मतपत्रिकेवर चित्र छापण्याची तेथे रीत होती. गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील डेमोक्रॅटिक पक्षाची अलाबामातील निशाणी पांढरा कोंबडा होती आणि तिच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा उघड छापलेली असे. लाउंड्सचा तो चित्ता त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी उचलला आणि ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा हे नाव इकडे आले. म्हणजे जे नाव आपण रस्त्यावरच्या लढ्याचे मानतो, ते मुळात मतदानाच्या लढ्यातले आहे. म्हणून अलाबामाचा मतदार आज मत कसे देतो, हे पाहणे मला परके वाटत नाही.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेने संसदेच्या निवडणुकांची वेळ, जागा आणि पद्धत ठरवण्याचे काम मुख्यतः राज्यांच्या विधिमंडळांकडे दिले आहे. केंद्रीय संसदेला त्यात फेरबदल करता येतो. पण आपल्या निवडणूक आयोगासारखी, देशभर निवडणुका घेणारी संस्था तेथे नाही. परिणामी राष्ट्राध्यक्ष एक, मतदानाचा दिवस एक, पण मत देण्याचे नियम राज्यागणिक वेगळे. ओरेगॉन राज्यातील जनतेने १९९८ साली कौल देऊन सर्व मतदान टपालाने करण्याचे ठरवले. २००० साली राष्ट्राध्यक्षाची निवडणूकही तेथे त्याच रीतीने झाली. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अशा आठ राज्यांनी प्रत्येक नोंदलेल्या मतदाराच्या घरी मतपत्रिका आपणहून पाठवली. कारण विचारले नाही, अर्ज मागितला नाही.

आता दुसऱ्या टोकाची राज्ये पाहा. टेक्सासमध्ये टपालाने मत द्यायचे तर वय ६५ पूर्ण हवे. नाहीतर आजार किंवा अपंगत्व, कौंटीबाहेर वास्तव्य, जवळ आलेले बाळंतपण अथवा तुरुंगवास असे मोजके कारण दाखवावे लागते. अलाबामात कारण तर लागतेच. कामाचे कारण द्यायचे तर मतदानाच्या वेळेत येणारी किमान दहा तासांची पाळी असावी लागते. अर्जासोबत छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत जोडायची. मतपत्रिका आल्यावर ती एका पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालायचे, वरच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि त्या सहीखाली नोटरीची अथवा दोन प्रौढ साक्षीदारांची सही घ्यायची. साक्षीदार नसतील तर मत मोजले जाणार नाही.

हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. ओरेगॉनचा नियम मतदाराला सांगतो की, तू जो आहेस म्हणतोस तो आहेस, तुझी सही आम्हांला पुरे. अलाबामाचा नियम सांगतो की, तू तूच आहेस हे दुसऱ्या कोणीतरी सांगितले पाहिजे. प्रक्रियेतला फरक दोन सह्यांचा आहे. माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीतला फरक फार मोठा आहे. एका ठिकाणी नागरिक हा स्वतःच स्वतःचा साक्षीदार आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तो संशयित आहे.

आपल्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी गुणपत्रिकेची खरी प्रत घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात बसलेली आपली एक अख्खी पिढी आहे. मीही त्या व्हरांड्यात बसलो आहे. कागद माझा, गुण माझे. पण ते खरे आहेत हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. साहेब जेवायला गेले की आमचे खरेपण त्यांच्यासोबत जेवायला जाई. पुढे स्वयंसाक्षांकन आले, विद्यार्थ्याची स्वतःची सही चालू लागली, आणि त्यामुळे देश काही बुडाला नाही. तेव्हा कळले की त्या शिक्क्याचे काम कागद तपासण्याचे फारसे नव्हतेच. कोणाला थांबवायचे आणि कोणाला आत घ्यायचे, हे ठरवण्याचे ते साधन होते.

अलाबामातील साक्षीदाराच्या अटीला इतिहास आहे. दक्षिणेतील राज्यांत १९६५ पूर्वी काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालण्यासाठी अनेक अडथळे होते. वाचण्या-लिहिण्याची परीक्षा होती, मतदानाचा कर होता, आणि काही ठिकाणी आधीच नोंदलेल्या मतदाराने हमी द्यावी अशी अट होती. जेथे नोंदलेले सारे गोरे, तेथे काळ्याची हमी देणार कोण? गावाच्या पाटलाने 'हा माणूस चांगला आहे' असे लिहून दिल्याशिवाय महाराला सातबारा मिळणार नाही, असा नियम कल्पून पाहा. म्हणजे त्या अटीचे स्वरूप ध्यानात येईल. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने परीक्षेबरोबर ही हमीची अटही निषिद्ध ठरवली. आजची साक्षीदाराची अट अगदी तीच नाही, हे मान्य केले पाहिजे. आज साक्षीदार मतदार असण्याची गरज नाही, तो कोणीही प्रौढ चालतो. पण एकटी राहणारी म्हातारी, रात्रपाळीचा कामगार, गावापासून दूर शेतात राहणारे कुटुंब यांच्यासाठी 'कोणीही दोघे' हेही सोपे नसते. जुनी अट कायद्याने गेली. दुसऱ्याच्या साक्षीवाचून तुझे मत खरे नाही, ही वृत्ती मात्र उरली.

या वृत्तीचे काय होते, ते त्याच राज्यातील पेरी कौंटीत दिसले. पेरी कौंटीतील मॅरियन हे गाव मतदानाच्या लढ्यात महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये तेथील मोर्चाच्या वेळी पोलिसाच्या गोळीने जिमी ली जॅक्सन हा काळा तरुण जखमी झाला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतरच सेल्मा ते माँटगोमेरी ही पदयात्रा निघाली आणि मतदान हक्काचा कायदा झाला. मॅरियनचेच आल्बर्ट टर्नर हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी. पुढची दोन दशके ते आणि त्यांच्या पत्नी एव्हलिन घरोघर जाऊन वृद्ध, आजारी, निरक्षर आणि कामासाठी बाहेर जाणाऱ्या काळ्या मतदारांना टपाली मतदानासाठी साहाय्य करीत राहिले. त्यामुळे काळे उमेदवार निवडून येऊ लागले. १९८५ साली टर्नर दांपत्य आणि स्पेन्सर होग या तिघांवर टपाली मतपत्रिकांत फेरफार केल्याचा खटला केंद्र सरकारच्या वकिलाने भरला. तो वकील म्हणजे जेफ सेशन्स. वृद्ध काळ्या मतदारांच्या घरी तपास अधिकारी गेले. काहींना बसमध्ये घालून दूरच्या मोबील शहरात जबानीसाठी नेले. ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले.

खटला हरला, पण त्याचा हेतू सफल झाला की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या म्हातारीने आयुष्याच्या साठाव्या-सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मत दिले, तिच्या दारात त्या मताचा हिशेब मागायला सरकारी माणूस उभा राहिला की पुढच्या निवडणुकीत ती लिफाफा हातात घेईल काय? आपल्या गावात फिर्याद देणाऱ्यालाच उलट गुन्ह्यात गोवतात. निकाल लागेपर्यंत त्याचे शेत, मजुरी आणि उमेद संपलेली असते. त्याच जातीचा हा प्रकार आहे. १९८६ मध्ये सेशन्स यांची न्यायाधीशपदासाठीची शिफारस सिनेटच्या समितीने नाकारली. तिला विरोध करणाऱ्यांत किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग होत्या. पण २०१७ साली हेच सेशन्स साऱ्या देशाचे महान्यायवादी झाले. अलाबामाने २०२४ साली आणखी एक कायदा केला. टपाली मतदानाचा आधीच भरलेला अर्ज मतदाराला देणे गुन्हा. अर्जाच्या कामासाठी तिसऱ्या माणसाला पैसे दिले तर वीस वर्षांपर्यंत कैद. अंध, अपंग आणि निरक्षर मतदारांपुरती या कायद्याची अंमलबजावणी त्याच वर्षी एका केंद्रीय न्यायाधीशाने रोखली. निरक्षर मतदाराला आपल्या पसंतीच्या माणसाचे साहाय्य घेता येईल, असे मतदान हक्क कायद्यात १९८२ सालापासून लिहिलेले आहे, हा त्याचा आधार होता.

आता मी टेक्सासकडे येतो, कारण तेथील एका शब्दाने मला हा लेख लिहायला भाग पाडले. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेत निवडणुकीतील गैरप्रकार रोखून 'मतपेटीची शुद्धता' राखावी, असे कलम आहे. शुद्धता! हा शब्द ऐकताच आपले कान टवकारले पाहिजेत. त्याच राज्यात विसाव्या शतकात काळ्यांना पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्यास बंदी होती. ती फक्त गोऱ्यांसाठी असे. आणि एकाच पक्षाचे राज्य असल्याने खरी निवडणूक तीच होती. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली ही प्रथा मोडली. तोवर पेटी शुद्ध ठेवणे म्हणजे तिला कोणाचा हात लागू न देणे, हे सांगायला कोशाची गरज नव्हती. २०२१ साली टेक्सासच्या विधिमंडळात मतदानाचे नियम कडक करणारे विधेयक आले, तेव्हा त्याच्या हेतूंत हे शब्द पुन्हा अवतरले. राफाएल अँचिया या विरोधी सदस्याने विधेयक मांडणाऱ्याला विचारले की, या शब्दांचा इतिहास तुम्हांला माहीत आहे काय? माहीत नव्हता. शब्द काढून टाकण्यात आले.

शब्द गेले, नियम आले. त्या वर्षी मंजूर झालेल्या कायद्याने टपाली मतदाराला अर्जावर आणि लिफाफ्यावर वाहन परवान्याचा अथवा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक लिहायला लावला, आणि तो यादीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे असे ठरवले. कित्येकांनी वर्षांपूर्वी नाव नोंदवताना एक क्रमांक दिला होता, आता दुसरा लिहिला. कित्येकांना लिफाफ्याच्या झाकणाखालची ती जागाच दिसली नाही. मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत टपालाने आलेल्या मतांपैकी सुमारे १२ टक्के, म्हणजे २४ हजारांहून अधिक मते बाद झाली. ती देणारे चोर नव्हते. टेक्सासमध्ये टपाली मत देणारे बहुतेक वृद्ध असतात. त्यांचे चुकले ते एवढेच की दोन नोंदी जुळल्या नाहीत. शुद्धतेच्या नियमाचे काम नेहमी असेच चालते. विटाळ झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तोच पाणवठ्यावर उभा असतो.

आणि पाणवठा हा शब्द येथे केवळ उपमेचा नाही. २०२१ सालीच जॉर्जिया राज्यानेही कायदा केला. तेथे २००५ पासून कोणालाही कारण न देता टपालाने मत देता येत होते, आणि त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. २०२० च्या महामारीत काळ्या मतदारांनी मोठ्या संख्येने टपाल वापरले, राज्याचा निकाल फिरला, आणि पुढल्याच वर्षी टपाली अर्जाला ओळखक्रमांक लागू लागला, मतपत्रिका टाकण्याच्या पेट्यांवर मर्यादा आली. त्याच कायद्यात मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कोणी अन्न वा पाणी देऊ नये, अशीही बंदी आहे. महाडच्या तळ्याशी याची तुलना मी ताणणार नाही. तिथे पाणी आमचे नाही असे म्हटले होते, इथे पाणी लाच ठरवले आहे. पण तहानलेल्या माणसाला पाणी देणारा हात सरकारला गुन्हेगार वाटावा, हे वाचून आपल्याला काहीच आठवू नये, असेही होणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. टपाली मतदानात लबाडी होतच नाही काय? होते. २०१८ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लेडन कौंटीच्या परिसरात एका उमेदवाराच्या भाडोत्री माणसाने टोळी लावून लोकांच्या घरून मतपत्रिका गोळा केल्या. ते उघडकीस आले, त्या मतदारसंघाचा निकाल रद्द झाला आणि २०१९ साली पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नॉर्थ कॅरोलायनात त्या वेळीही साक्षीदाराची अट होतीच. टोळीतल्या माणसांनी साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. लबाडाला साक्षीदार सहज मिळतो. अट आड येते ती एकट्या, गरीब, प्रामाणिक माणसाला.

दुसरा आक्षेप आपल्या आतूनच येतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा ही लहान गोष्ट नाही. शेतमालक, सावकार, नवरा, भाऊबंद, कोणीच जेथे डोकावू शकत नाही, अशी ती गरिबाच्या आयुष्यातली कदाचित एकमेव जागा असते. टपालाने मत घरी येते आणि घरात सत्ता असते. लिफाफा कोणाच्या नजरेखाली भरला, हे निवडणूक अधिकाऱ्याला कळत नाही. अमेरिकेतही कित्येक काळे मतदार टपालाऐवजी केंद्रावर जाऊनच मत देणे पसंत करतात. ज्या रांगेसाठी आईबापांनी मार खाल्ला, ती रांग त्यांना सोडवत नाही. म्हणून टपाली मतदान म्हणजे पुरोगामी आणि केंद्रावरचे मतदान म्हणजे प्रतिगामी, अशी वाटणी मी करीत नाही. मत टाकण्याची जागा कोणती, यापेक्षा त्या जागी सत्ता कोणाची, हे पाहायचे.

ॲरिझोनाचे उदाहरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तेथे बहुसंख्य लोक टपालाने मत देतात; पण मूळ अमेरिकन जमातींच्या वस्त्यांवर घराला पत्ता नसतो, दारात टपाल येत नाही. २०१६ साली राज्याने कायदा केला की, कुटुंबातील, घरातील किंवा देखभाल करणारी व्यक्ती सोडून दुसऱ्या कोणी कोणाची मतपत्रिका नेऊन दिली तर तो गंभीर गुन्हा. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पत्र मैलोगणती दूरच्या टपाल कचेरीत टाकणे ही त्या वस्त्यांवरची जगण्याची रीत. ती गुन्हा झाली. १ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा कायदा वैध ठरवला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात दाखवून दिले की, राज्याच्या ग्रामीण कौंट्यांतील मूळ अमेरिकन मतदारांपैकी केवळ १८ टक्क्यांना घरपोच टपाल मिळते, तर तेथील गोऱ्यांना ८६ टक्के. नियम सर्वांना सारखा होता. पत्ता सर्वांना सारखा नव्हता. समान नियम आणि विषम समाज यांचे गणित आपण जन्मापासून शिकतो. त्या न्यायालयाच्या बहुमताला ते पटले नाही.

या साऱ्या वाचनातून एक गोष्ट दिसते. मतदानाचे नियम राज्याच्या, कौंटीच्या हाती दिले म्हणजे ते स्थानिक वर्चस्वाच्या हाती जातात. बाबासाहेबांना हे पक्के कळले होते. संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमाचा जो मूळ मसुदा होता, त्यात प्रांतांसाठी वेगळे आयोग होते. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी दुरुस्ती मांडली आणि ही सत्ता एका केंद्रीय, सरकारपासून स्वतंत्र आयोगाकडे दिली. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले: काही प्रांतांतून अशा बातम्या येत होत्या की, जे लोक तेथील वर्चस्व असलेल्या समाजाच्या वंशाचे, संस्कृतीचे वा भाषेचे नाहीत, त्यांची नावे यादीतून वगळण्याचे उद्योग चालले आहेत. १९१३ ते १९१६ या काळात अमेरिकेत राहून शिकलेल्या या माणसाने मतदाराला प्रांताच्या मर्जीवर सोडले नाही, हे आपले मोठे भाग्य होय. चौदाव्या नि पंधराव्या घटनादुरुस्तीनंतरही जे अमेरिकेला शंभर वर्षे साधले नाही, ते आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून कलम ३२४ आणि ३२६ यांनी दिले.

पण येथे थांबून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची नाही. केंद्रीय आयोगाचा नियमही कोणाला तरी डोळ्यासमोर ठेवूनच लिहिला जातो. आपल्या टपाली मतदानाच्या यादीत कोण आहेत? सैनिक आहेत, परदेशी नेमणुकीवरचे सरकारी नोकर आहेत, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी आहेत. २०२४ च्या नियमाप्रमाणे ८५ वर्षांवरील वृद्ध, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले आणि अत्यावश्यक सेवेतील लोक आहेत. हे सारे योग्यच. आता यादीत कोण नाहीत ते पाहा. ऊसतोड कामगार नाही, वीटभट्टीवरचा मजूर नाही, बांधकामावरची बाई नाही. सरकारी कामासाठी गाव सोडणाऱ्याच्या मागे मतपत्रिका जाते. पोटासाठी गाव सोडणाऱ्याच्या मागे जात नाही.

तुरुंगाचेही तसेच. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणूस आपल्याकडे टपालाने मत देऊ शकतो; पण गुन्हा सिद्ध न झालेला कच्चा कैदी १९५१ च्या कायद्याच्या कलम ६२(५) मुळे मत देऊ शकत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम वैध ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात नेमका उलटा निर्णय दिला: खटल्याची वाट पाहत तुरुंगात असलेल्या पात्र मतदाराला टपाली मतपत्रिका नाकारता येणार नाही. आपल्या तुरुंगांत दलित, आदिवासी आणि मुसलमान यांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक आहे. तेव्हा कलम ६२(५) कोणाच्या मतावर अधिक जड पडते, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यातल्या वाचकाला मी कोयत्याची गोष्ट काय सांगू! नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, ती पट्टा पडल्यावर परतते. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९, २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाले, २०२४ साली २० नोव्हेंबरला. म्हणजे टोळ्या निघण्याचे आणि आमदार निवडण्याचे दिवस एकमेकांना येऊन भिडतात. मत द्यायचे तर मजुरी बुडवायची आणि गाडीभाडे काढायचे. नाहीतर एखाद्या उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसायचे. त्या गाडीचे भाडे कशात फेडावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. केंद्रीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. २०१९ च्या लोकसभेत ३० कोटींहून अधिक मतदारांनी मत दिले नव्हते आणि स्थलांतर हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे आयोगानेच म्हटले होते. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांची बैठक झाली, विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि २०२४ ची लोकसभा त्या यंत्राविनाच झाली.

मग ऊसतोड कामगाराला टपाली मतपत्रिका द्यावी काय? वर ब्लेडनची गोष्ट सांगितली ती याचसाठी. फडावरच्या कोपीला पत्ता नसतो; पत्र येईल ते कारखान्याच्या अथवा मुकादमाच्या पत्त्यावर. ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच हातातून मतपत्रिका येणार असेल तर ते मत कामगाराचे राहील, असे मी म्हणू शकत नाही. साक्षीदाराची अट घातली तर साक्षीदार पुन्हा मुकादमच. म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. ८५ वर्षांच्या वृद्धाच्या घरी मतदान पथक गुप्ततेच्या आडोशासह जाते, तर ते कारखान्याच्या आवारात आणि फडाजवळच्या तळावर का जाऊ शकत नाही? विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्ली येथे विशेष केंद्रे उभारली जातात. मणिपूरच्या विस्थापितांसाठी २०२४ साली छावण्यांत केंद्रे उभारली गेली. म्हणजे मतदारसंघाबाहेर राहणाऱ्याचे मत त्याच्या मतदारसंघात पोहोचवण्याची रीत आपल्या आयोगाला येते. दंगलीने विस्थापित झालेल्यासाठी ती वापरता येते, तर दुष्काळाने आणि भूमिहीनतेने दरवर्षी विस्थापित होणाऱ्यासाठीही वापरता आली पाहिजे.

या लेखाची भूमिका सूत्ररूपाने अशी: मतदानाच्या कोणत्याही नियमाला आपण तीन प्रश्न विचारावेत. हा नियम कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो? साक्षीदार कोणाला आणायला लावतो? आणि तो साक्षीदार ज्याच्याकडून मिळणार, त्याची त्या माणसावर सत्ता आहे काय? अलाबामा, टेक्सास, ॲरिझोना येथील नियम या कसोटीवर उतरत नाहीत. आपले नियमही पूर्णपणे उतरत नाहीत.

शिक्षकांनी नागरिकशास्त्र शिकवताना मतदानाच्या हक्काबरोबर मतदानाचा अर्जही वर्गात वाचावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातून हंगामाला गेलेल्या मतदारांची यादी करावी: नाव, यादीतील क्रमांक, कारखान्याचे ठिकाण. कार्यकर्त्यांनी ही यादी निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी जिल्हाधिकारी आणि मुख्य निवडणूक अधिकारी यांच्यापुढे ठेवून विशेष केंद्राची लेखी मागणी करावी. मागणी नाकारली तर नकारही लेखी घ्यावा. तो पुढे न्यायालयात उपयोगी पडेल. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात आकडे होते. आपल्या हातात या याद्या असल्या पाहिजेत.